विश्वकिरणांवरील सौरचक्राचा प्रभाव

सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनात वाढते आणि घटते. आकाशगंगेतून पृथ्वीकडे येणाऱ्या विश्वकिरणांची तीव्रताही त्याच तालावर बदलते, मात्र उलट दिशेने : डाग वाढले की विश्वकिरण रोडावतात. हा व्यस्त संबंध अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ स्कॉट फोर्बुश यांनी १९५४ मध्ये दाखवून दिला.

विश्वकिरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन. ते विद्युतभारित असल्याने चुंबकीय क्षेत्रात त्यांची वाट वळते. सेकंदाला ४०० किमी.च्या आसपास वेगाने वाहणारा सौरवात (सूर्यातून सतत बाहेर पडणारा विद्युतभारित कणांचा झोत) सूर्याचे चुंबकीय क्षेत्र सोबत ओढून नेतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने बलरेषांना भुईचक्राच्या ठिणग्यांसारखा सर्पिल आकार येतो (यूजीन पार्कर, १९५८). सौरवाताने व्यापलेल्या या प्रदेशाची सीमा व्हॉयेजर-१ यानाने २५ ऑगस्ट २०१२ रोजी ओलांडली. तिथे विश्वकिरणांची संख्या एकदम वर गेली. आतले आवरण किती किरण अडवते, हे त्यावरून थेट कळले.

चक्राच्या शिखरकाळात, म्हणजे डाग सर्वाधिक असताना, हे चुंबकीय क्षेत्र अधिक तीव्र आणि विस्कटलेले असते. शिवाय प्रभामंडलातून, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातून, प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) लोट सुटतात. असा लोट पृथ्वीवरून गेला की विश्वकिरण काही तासांत घसरतात आणि पूर्ववत व्हायला काही दिवस लागतात. या घसरणीला फोर्बुश यांचेच नाव आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील ग्रेप्स-३ प्रयोगातही अशा घसरणी म्यूऑन कणांद्वारे (विश्वकिरण वातावरणावर आदळल्याने तयार होणाऱ्या कणांद्वारे) नोंदल्या जातात.

सर्वांत लक्षवेधी भाग मात्र ११ वर्षांच्या चक्रात दिसतच नाही. प्रत्येक शिखराच्या सुमारास सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटतात, म्हणून चुंबकीय आवर्तन २२ वर्षांचे ठरते. एका स्थितीत प्रोटॉन मुख्यतः सूर्याच्या ध्रुवांकडून आत येतात, तर दुसऱ्या स्थितीत विषुववृत्तालगतच्या विद्युतप्रवाह-पटलावरून (विरुद्ध दिशांच्या चुंबकीय क्षेत्रांना विभागणाऱ्या पातळ थरावरून). त्यामुळे न्यूट्रॉन मापकांच्या (विश्वकिरणांमुळे वातावरणात सुटणारे न्यूट्रॉन मोजणाऱ्या उपकरणांच्या) आलेखात विश्वकिरणांची शिखरे आळीपाळीने टोकदार (१९६५, १९८७, २००९) आणि सपाट (१९७६, १९९७) दिसतात.

अंतराळवीरांना यातून पूर्ण सुरक्षित असा काळ मिळत नाही : शांत सूर्य विश्वकिरणांना वाट देतो, तर खवळलेला सूर्य स्वतःच कण फेकतो.

विश्वकिरणांमुळे वातावरणात बनणारे बेरिलियम-१० (बेरिलियम या मूलद्रव्याचा किरणोत्सारी प्रकार) ध्रुवीय बर्फात साठते. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ नव्हते. पण त्या काळातील बर्फाच्या थरांतही बेरिलियमचे चढउतार आढळतात : डाग दिसेनासे झाले होते, चक्र मात्र चालूच होते.