सायकल-भटकंती, नेदरलँड्स व फ्लँडर्समधील

नेदरलँड्स आणि बेल्जियमचा डचभाषक उत्तर भाग म्हणजे फ्लँडर्स या सखल प्रदेशात सायकलवरून सावकाश, थांबत थांबत केलेला प्रवास. कधी ही सकाळी निघून संध्याकाळी परतण्याची फेरी असते, कधी गावोगाव मुक्काम करत आठवडाभर चालणारी सहल. दिवसाला ३० ते ६० किमी अंतर नेहमीचे समजले जाते. वेग, चढाई, विक्रम यांच्याशी तिचा संबंध नाही. शर्यतीच्या सायकलपटूंची जात वेगळी आणि त्यांचे कपडेही वेगळे. इथे साध्या पोशाखात, सरळ पाठीने बसून, मागच्या कॅरिअरला पिशव्या अडकवून आजी-आजोबा, नातवंडे, नवविवाहित जोडपी सगळेच निघतात.

जमीन सपाट आहे म्हणून हे शक्य झाले, असे पर्यटनाच्या माहितीपत्रकांत लिहिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. सपाट जमीन जगात पुष्कळ आहे. इथली सुखाची वाट बांधून काढलेली आहे, आणि तिचा बराचसा भाग मुळात करमणुकीसाठी बांधलेलाच नव्हता. पूर थोपवायला, नावा ओढायला, कोळसा वाहायला जे उभारले गेले त्यावरून आज सायकली चालतात.

पाणी आणि बांध

नेदरलँड्सची सुमारे चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. भोवती बांध घालून, आतले पाणी उपसून तयार केलेल्या जमिनीला पोल्डर म्हणतात. कोकणातल्या खारबंदिस्तीची ही थोरली भावंडे म्हणता येतील. फरक इतकाच की इथे उपसा कधीच थांबवता येत नाही. आमस्टरडॅमच्या उत्तरेचा बेमस्टर पोल्डर १६१२ मध्ये तळे कोरडे करून मिळवला. त्याचे रस्ते आणि चर फूटपट्टीने आखल्यासारखे काटकोनात जातात; १९९९ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. अशा भागात सायकलवरून जाताना प्रथम चक्रावायला होते ते पाण्याच्या पातळीमुळे. आपण खाली, शेत खाली, गायी खाली आणि कालवा मात्र बांधामागे डोक्याच्या उंचीवर. कालव्यातून जाणाऱ्या होडीचा फक्त वरचा भाग गवताच्या कडेवरून सरकताना दिसतो.

रॉटरडॅमजवळच्या किंडरडाइकला १९ पवनचक्क्या आहेत. बहुतेक १७४० च्या आसपासच्या. धान्य दळणे हे त्यांचे काम नव्हते. खालच्या चरातले पाणी वरच्या कालव्यात चढवायचे, एवढ्यासाठीच त्या होत्या. १९९७ मध्ये त्यांना वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्यांच्यात आजही चक्कीवाल्यांची कुटुंबे राहतात, त्यामुळे पंख्याशेजारी दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसले तर तो देखावा नव्हे. पर्यटकांच्या बसगाड्या दाराशी थांबतात. चक्क्यांची रांग नीट दिसते ती मात्र मधल्या बांधावरून सायकलने शेवटच्या टोकापर्यंत गेल्यावर, कारण गर्दी पहिल्या काही चक्क्यांपाशीच विरते.

कालव्याकाठच्या वाटांची गोष्ट आणखी जुनी. सतराव्या शतकात डच शहरांनी आपापसांत सरळ कालवे खणले आणि त्यांतून ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या प्रवासी नावा सुरू केल्या. आमस्टरडॅम–हार्लेम मार्ग १६३२ मधला. नाव काठावरून घोडा ओढत असे, तासाला सुमारे ७ किमी. घोड्याला पाण्याच्या अगदी लगत, सलग आणि सपाट वाट लागते. रेल्वे आली, घोडा गेला, वाट राहिली. सायकलस्वाराला हवी असते ती नेमकी अशीच वाट.

फ्लँडर्समध्ये याचे सर्वांत देखणे उदाहरण ब्रुज ते दाम्मे हा सुमारे ७ किमीचा तुकडा. हा कालवा नेपोलियनच्या हुकमाने खणायला घेतला. ब्रिटिश आरमाराच्या टप्प्याबाहेरून सैन्य आणि माल हलवता यावा हा हेतू. मालवाहतुकीला तो फारसा कामी आला नाही. दोन्ही काठांना उंच पॉपलर झाडांच्या रांगा आहेत आणि समुद्रावरच्या वाऱ्याने त्यांतली बहुतेक झाडे एकाच बाजूला झुकलेली आहेत. दाम्मे हे आज टुमदार खेडे वाटते. मध्ययुगात ते ब्रुजचे बंदर होते. बरगंडीचा ड्यूक चार्ल्स आणि यॉर्कची मार्गारेट यांचे लग्न १४६८ मध्ये इथेच लागले. पुढे झ्विन ही खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर जमिनीवर अडकून पडले. खेड्याच्या मानाने फारच ऐटदार असलेले नगरगृह पाहिले की ही उलथापालथ ध्यानात येते. कालव्याने तसेच पुढे गेले की स्लाउस गावी नेदरलँड्स लागते. सरहद्द ओलांडल्याचे पाटीवरच कळते.

आकड्यांची वाट

या भटकंतीचे आजचे रूप ज्या एका युक्तीमुळे घडले ती बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतातली आहे. तिथल्या कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद होत गेल्या. शेवटची, झोल्डरची, १९९२ मध्ये. ह्यूगो बॉलेन या खाण-अभियंत्याने खाणीतली पद्धत जमिनीवर आणली. भूमिगत बोगदे जिथे मिळतात त्या जागांना क्रमांक देतात, म्हणजे अंधारातही माणूस चुकत नाही. तसेच सायकलच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात त्या प्रत्येक नाक्याला क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक नाक्यावर शेजारच्या नाक्यांचे आकडे बाणासह लिहायचे. १९९५ मध्ये लिम्बुर्गमध्ये हे जाळे सुरू झाले. मग सगळे फ्लँडर्स, पाठोपाठ नेदरलँड्स आणि जर्मनीचा लगतचा भाग त्यात आला. डच भाषेत अशा नाक्याला ‘क्नोपपुंट’ म्हणतात.

वापरायला याहून सोपे काही नसेल. घरून निघताना चिठ्ठीवर १४–१५–६२–८–४१ असे आकडे लिहून हँडलला लावायचे आणि एकेक पाटी शोधत जायचे. नाक्यावर बहुधा नकाशाचा फलकही असतो. पाऊस आला, पाय दुखले, वाटेत कुणी चांगल्या पॅनकेकचे ठिकाण सांगितले, तर तिथेच आकडे बदलता येतात. पूर्वीचे आखीव मार्ग एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपत. मधूनच वळायची सोय त्यांत नव्हती. आकडे मात्र एक-दोन अंकीच ठेवल्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या भागात पुन्हा भेटतो. प्रदेशाच्या कडेला दोन ‘१५’ जवळजवळ आले की नवखा माणूस हमखास घोटाळ्यात पडतो.

त्याआधीची खूण म्हणजे ‘पॅडस्टूल’, म्हणजे कुत्र्याची छत्री. गुडघ्याएवढा बसका खांब, उतरत्या माथ्यावर गावांची नावे आणि अंतरे. १८८३ मध्ये सायकलस्वारांची संघटना म्हणून स्थापन झालेल्या आणि आज मुख्यतः मोटारवाल्यांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आ-एन-वे-बे या संस्थेने १९१९ पासून हे खांब बसवले. रानात आणि माळावर ते अजून आहेत. वाचायला खाली उतरून वाकावे लागते, तरी ते काढून टाकायची भाषा कुणी करत नाही.

नेदरलँड्समध्ये सायकलसाठी वेगळे काढलेले मार्ग सुमारे ३५,००० किमी आहेत. ते आपसूक आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते. १९७१ मध्ये रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी घोषणा देत पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत मोटारबंदीचे रविवार आले आणि धोरण हळूहळू वळले. सुट्टीतली सायकल या रोजच्या सायकलीच्या जिवावर चालते. शाळेला जाणाऱ्या पोरांसाठी जो मार्ग केला तोच पुढे तळ्याकाठी जातो. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तिथे मोटारी आणि दुचाकी वाढल्यावर सायकलसाठी रस्ता फारसा वेगळा काढला गेला नाही, आणि दोन्हीकडचा फरक तिथून पडला.

रान

सखल प्रदेशातली बहुतेक राने लावलेली आहेत. लिम्बुर्गच्या केम्पेन भागातल्या रेताड माळावर पाइनची लागवड झाली ती खाणींना टेकूचे लाकूड हवे म्हणून. खाणी मिटल्या, झाडे उरली. हेक्टेल-एक्सेलजवळच्या अशाच एका रानात २०१९ मध्ये झाडांमधून जाणारा सायकलमार्ग खुला झाला. सुमारे ७०० मीटरचा हा पूल वर्तुळाकार वळत १० मीटर उंचीपर्यंत चढतो. चढ इतका अलगद आहे की तो प्रथम झाडांवरूनच कळतो: आधी बुंधे, मग फांद्या, मग शेंडे. खालचे पोलादी खांब पाइनच्या खोडांसारखेच सरळ, गर्दीने उभे केले आहेत. त्याआधी, २०१६ मध्ये, बोक्राइकच्या तळ्यातून २१२ मीटरची वाट काढली. तिथे तळ्याचे पाणी दोन्ही बाजूंना स्वाराच्या डोळ्यांच्या पातळीला येते आणि हंस कानाजवळून पोहत जातात. या दोन्ही जागी रविवारी दुपारी जाऊ नये. फोटो काढायला थांबलेल्यांची रांग लागते आणि सायकल हातात धरून चालावे लागते.

नेदरलँड्समध्ये आर्नहेमजवळचे होगे फेलुवे राष्ट्रीय उद्यान सुमारे ५,४०० हेक्टरचे आहे. पाइनची राने, जांभळ्या फुलांचा माळ आणि मध्येच वाळूच्या टेकड्या, आतमध्ये सांबरासारखे मोठे लाल हरिण. क्रोलर आणि म्युलर या धनाढ्य दांपत्याची ही मूळची खासगी जागा. हेलेन क्रोलर-म्युलर यांनी जमवलेल्या चित्रांचे संग्रहालय १९३८ मध्ये रानाच्या मध्यभागी उघडले. व्हॅन गॉगच्या चित्रांचा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संग्रह तिथे आहे. प्रवेशशुल्क भरले की आत ठेवलेल्या पांढऱ्या सायकलींपैकी कुठलीही घ्यावी, कुलूप नाही, वेगळे भाडे नाही. भारतातून आलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो. थांबायचे तर पेडल उलटे दाबावे लागते. सवयीने बोटे हवेत आवळली जातात आणि सायकल पुढेच जाते.

युद्धाच्या खुणा

पश्चिम फ्लँडर्समध्ये वारसा म्हणजे मुख्यतः पहिले महायुद्ध. समुद्राजवळच्या निउपोर्टला सहा जलमार्ग एकत्र येतात. तिथल्या जलद्वारांच्या जागेला ‘हंसाचा पंजा’ म्हणतात आणि सायकलची वाट तिच्यावरूनच जाते. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस भरतीच्या वेळी दारे उघडून, ओहोटीला बंद करून एझर नदीचे मैदान बुडवण्यात आले आणि जर्मन फौजेची आगेकूच तिथे अडली. शतकानुशतके पाणी बाहेर ठेवणाऱ्या यंत्रणेने त्या वेळी ते मुद्दाम आत घेतले.

तिथून दक्षिणेला ईपर. कालव्याच्या काठाने गावात शिरताना एसेक्स फार्म ही लहानशी दफनभूमी आणि जखमींवर उपचार होत ती काँक्रीटची भुयारे लागतात. गावातल्या मेनिन गेटवर थडगे न मिळालेल्या ५४,००० हून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांत अविभाजित भारतातल्या सैनिकांचीही. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी जवळच्या होलेबेके येथे लढलेले खुदादाद खान हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले पहिले भारतीय सैनिक. कमानीखाली १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो, फक्त दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या वर्षांत त्यात खंड पडला. दिवसभराची फेरी आटोपून आलेले सायकलवाले तेव्हा गर्दीत उभे असतात.

वारा, मुक्काम, सोबत

चढ नाही म्हणजे कष्ट नाहीत, हा समज पहिल्याच दुपारी उतरतो. नैर्ऋत्येचा वारा आडोसा नसलेल्या बांधावर समोरून आला की १० किमी ३० सारखे वाटतात. जाणकार आधी वाऱ्याविरुद्ध निघतात, म्हणजे परतताना तो पाठीशी असतो. डच लोकांनी याचीही स्पर्धा केली आहे: पूर्व स्केल्ड्ट या खाडीच्या वादळरोधक धरणावर, वादळाचा अंदाज आला की थोड्याच दिवसांच्या सूचनेवर, गिअर नसलेल्या साध्या सायकलींनी ८.५ किमी समोरच्या वाऱ्यात जायचे. २०१३ पासून ती होते. उत्तरेच्या फ्रीसलंड प्रांतात अकरा शहरांची सुमारे २३५ किमीची सायकलफेरी एकाच दिवसात पुरी करतात. तिला रमतगमत म्हणणे अवघड आहे, पण भाग घेणारे बहुतेक साधेच लोक असतात.

हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. मुक्कामासाठी हॉटेले आहेतच. शिवाय सायकलने किंवा पायी येणाऱ्यांना स्वस्तात खोली देणारी घरे आहेत, त्यांचे १९८४ पासून सभासदांचे जाळे आहे. आमस्टरडॅम ते ब्रुज या मार्गावर रात्री बोटीत झोपायचे, दिवसा सायकल चालवायची आणि बोटीने सामान घेऊन पुढच्या गावी थांबायचे, असा प्रकार लोकप्रिय आहे. सामानाची चिंता मिटते. जेवणाची वेळ मात्र बोट ठरवते. लहान नद्यांवर पादचारी आणि सायकलींसाठी छोट्या नावा असतात, काही ठिकाणी साखळी ओढून स्वतःच पलीकडे जायचे. नेदरलँड्समध्ये गर्दीच्या वेळा सोडून सायकल आगगाडीत नेता येते, तिचे वेगळे तिकीट लागते.

अलीकडे नेदरलँड्समध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी सुमारे निम्म्या विजेवर चालणाऱ्या आहेत. त्यामुळे सत्तरी ओलांडलेले लोकही लांब फेऱ्या मारतात, आणि वाऱ्याची तक्रार कमी झाली आहे. त्याच वेळी अरुंद कालवाकाठावर मुलाला पुढे बसवून चाललेली आई, ताशी २५ किमीने येणारे आजोबा आणि शर्यतीचा सराव करणारा जथा एकाच दोन मीटरच्या पट्टीवर भेटू लागले आहेत. जुन्या वाटा रुंद करण्याचे काम बऱ्याच ठिकाणी त्यासाठीच काढले आहे.