उत्तर स्कॉटलंडमधले आडवाटेचे लिंक्स गोल्फ कोर्स

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या, खुरट्या गवताच्या, उंचसखल पट्ट्यावर फारशी खोदाई न करता जो गोल्फ कोर्स बसवतात तो लिंक्स. सेंट अँड्र्यूज किंवा कार्नूस्टी टीव्हीमुळे सगळ्यांना माहीत असतं, पण इन्व्हरनेसहून ए९ रस्त्याने वर उत्तरेला निघालं किंवा फेरी धरून आउटर हेब्रिडीज बेटांवर गेलं की असे कोर्स लागतात ज्यांची नावं नियमित गोल्फ बघणाऱ्यांनीही क्वचितच ऐकलेली असतात. टेन, गोल्सपी, ब्रोरा, विक, रे, डर्नेस हे मुख्य भूमीवरचे, तर ॲस्कर्निश, स्कारिस्टा आणि बॅरा हे बेटांवरचे. इथली जमीन एकट्या गोल्फची नसते, त्याच गवतावर मेंढ्यांचा, पक्ष्यांचा आणि फिरायला आलेल्या माणसांचाही हक्क असतो, आणि बाहेरच्याला विचित्र वाटणाऱ्या इथल्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच आल्यात.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण ब्रोराचं. क्लब १८९१ चा, आताची आखणी १९२० च्या दशकात जेम्स ब्रेडने केलेली, म्हणजे ओपन चॅम्पियनशिप पाच वेळा जिंकलेला ब्रेड. पण ही जमीन आसपासच्या क्रॉफ्टरांचं, म्हणजे छोट्या कुळ-शेतकऱ्यांचं, सामायिक कुरण आहे, त्यामुळे मेंढ्या आणि गुरं वर्षानुवर्षं फेअरवेवरच, म्हणजे खेळायच्या मुख्य गवती पट्ट्यावरच, चरत आली आणि ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं गुळगुळीत कापलेलं गवत, वाचवायला भोवती बुटकी विजेची तार लावायची पद्धत पडली, जी ओलांडून पटिंगला, म्हणजे बॉल हलकेच होलकडे ढकलायला, जायचं. शेणात बॉल पडला तर दंड न घेता बाजूला ड्रॉप करायचा. पाहुण्यांना याची गंमत वाटते, पण शेणाने भरलेला कोर्स सांभाळणाऱ्या क्लबला ती तेवढी वाटत नाही आणि चराईवरून तिथे वादही झालेत. क्लबच्या चिन्हावर आर्क्टिक टर्न पक्षी आहे. आणि शेवटचा होल पार-३, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा छोटा होल, जे चांगल्या कोर्सवर सहसा कोणी करत नाही.

बहुतेक परदेशी गोल्फर रॉयल डॉर्नॉकला येतात आणि तिथूनच मागे फिरतात. डॉर्नॉक अपरिचित नाहीच, १६१६ पासून तिथल्या गोल्फच्या नोंदी आहेत आणि अमेरिकेत शेकडो कोर्स आखणारा डोनाल्ड रॉस याच गावचा. पण तिथून ब्रोरा जेमतेम अर्ध्या तासावर आहे, गोल्सपी त्याच्याही अलीकडे, आणि टेन डॉर्नॉकच्या खाडीच्या दक्षिणेला. टेनचा कोर्स १८९० मध्ये सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड टॉम मॉरिसने, त्या काळच्या नामांकित गोल्फर आणि कोर्स-आखणीकाराने, आखला. त्याच्या ११व्या होलला ‘आल्प्स’ म्हणतात कारण ग्रीन दोन वाळूच्या टेकड्यांमागे लपलेलं असतं आणि दुसरा शॉट अंदाजाने मारावा लागतो. गोल्सपीत अर्धा समुद्राकाठचा लिंक्स आणि अर्धा हेदरची (जांभळ्या फुलांची झुडपं) आणि झाडांमधला भाग अशी सरमिसळ आहे, शुद्ध लिंक्सवाले नाक मुरडतात, पण बदल म्हणून ते छान वाटतं.

अजून वर गेलं की रे, ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात उत्तरेकडचा १८ होलचा लिंक्स. पहिला होलही पार-३ आणि शेवटचाही. डर्नेस तर पार वायव्य कोपऱ्यात, १९८८ मध्ये सुरू झालेला, नऊच होल, १८ खेळायचे असतील तर दुसऱ्या फेरीत वेगळ्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, तेच होल पुन्हा खेळायचे. शेवटच्या होलला टीवरून बॉल थेट समुद्राच्या घळीवरून पलीकडे मारायचा असतो.

बेटांवरची सगळ्यात रंजक कथा साउथ उइस्टमधल्या ॲस्कर्निशची. १८९१ मध्ये जमीनमालकीण लेडी गॉर्डन कॅथकार्टच्या बोलावण्यावरून ओल्ड टॉम मॉरिसने इथे कोर्स आखला, पुढे तो आक्रसत गेला, काही भागावर विमानाची धावपट्टी आली आणि वाळूच्या ढिगांमधले जुने होल गवताखाली हरवले. २००५ मध्ये गॉर्डन अर्विन हा ग्रीनकीपिंगमधला जाणकार तिथे आला, मग आर्किटेक्ट मार्टिन ईबर्ट आणि गावकऱ्यांच्या मदतीने कोर्स पुन्हा उभा राहून २००८ मध्ये खुला झाला, चराईच्या हक्कावरून काही क्रॉफ्टर कोर्टातही गेले. ओल्ड टॉमचा नकाशा मात्र हाती नव्हता, त्यामुळे आज जे ‘ओल्ड टॉमचे होल’ म्हणून दाखवतात त्यात जमीन बघून केलेला अंदाज बराच आहे. कोर्स मात्र भन्नाट आहे यात वाद नाही. इथली माती शिंपल्यांच्या चुऱ्याची, अशा गवताळ पट्ट्याला मॅखर म्हणतात, तो उन्हाळ्यात रानफुलांनी भरतो, आणि तिथे रासायनिक खतं-औषधं मारत नाहीत, हिवाळ्यात जनावरं चरतात.

हॅरिस बेटावर स्कारिस्टाला नऊ होलचा कोर्स आहे. रविवारी खेळ बंद, कारण बेटावर शब्बाथ, म्हणजे रविवारचा धार्मिक विश्रांतीचा दिवस, कडक पाळतात. पैसे पेटीत टाकायचे, घ्यायला कोणी बसलेलं नसतं. नामवंत इंग्लिश गोल्फर निक फाल्डोने इथे सही करून दिलेली पाच पौंडांची नोट क्लबने खर्च न करता तिची ट्रॉफीच केली. बॅरा बेटावर ग्रीनभोवती गुरांसाठी कुंपणं आहेत, ब्रोराचाच प्रश्न.

खेळायचं म्हणाल तर उंच, सुंदर शॉट इथे फार कामाचा नाही. वाळूखालून पाणी लगेच निचरतं, गवत आखूड आणि जमीन टणक, त्यामुळे बॉल पडल्यावर लांब घरंगळतो, आणि वारा असेल तर हवेत गेलेला बॉल कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून ग्रीनच्या बऱ्याच आधी टप्पा पाडून बॉल पळवत न्यायचा, काठावरून वेजऐवजी (बॉल उंच उडवायची काठी) सरळ पटर (पटिंगची काठी) काढायचा. यार्डाचे आकडे वाऱ्यात निरुपयोगी ठरतात, त्याच होलला सकाळी आयर्न (कमी पल्ल्याची काठी) आणि संध्याकाळी ड्रायव्हर (सगळ्यात लांब पल्ल्याची) लागू शकतो. आणि काटेरी पिवळ्या गॉर्सच्या झुडपात गेलेला बॉल शोधत बसू नये.

जायला इन्व्हरनेसहून विक-थर्सोची रेल्वे आहे, टेन, गोल्सपी आणि ब्रोरा या तिन्ही ठिकाणी स्टेशन आहे, पण गाड्या दिवसातून मोजक्याच. बेटांची फेरी खराब हवेत रद्द होते, त्यामुळे एखादा दिवस मोकळा ठेवलेला बरा. मे ते सप्टेंबर हा मोसम, जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो आणि जेवणानंतर नऊ होल आरामात होतात. खेळताना समोरून कुत्रा घेऊन कोणी आलं तर थांबायचं, २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये लोकांना गोल्फ कोर्स ओलांडून जायचा हक्क दिलाय, फक्त ग्रीनवर पाय ठेवायचा नाही.

नवीन कोर्स काढायचं म्हटलं की जमीन कशासाठी वापरायची हे भांडण मोठं होतं. डॉर्नॉकच्या उत्तरेला एम्बोजवळ कूल लिंक्स नावाचा प्रकल्प अमेरिकन गुंतवणूकदारांनी आणला. गावातल्या अनेकांना रोजगारासाठी तो हवा होता, निसर्गप्रेमींना संरक्षित वाळूचे ढीग वाचवायचे होते, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये स्कॉटिश सरकारने परवानगी नाकारली. पुढे स्थानिक गटाच्या पाठिंब्याने बदललेल्या आराखड्यासह पुन्हा अर्ज झाला.