फरशीवर पोहणारं पिल्लू

नागपुरात थंडी पडायला लागली की गल्लीबोळात, दुकानांच्या शटरखाली, बांधकामाच्या रेतीमागं पिल्लं दिसायला लागतात, कारण आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना पिल्लं होतात ती जास्त करून पावसाळा सरल्यावर. आणि मग फोन सुरू होतात. "एक पिल्लू जन्मापासूनच अपंग आहे, काय करू?" मी आधी एकच विचारतो, वय किती. लोकांना वाटतं हा टाळून राहिला, पण दहा दिवसांचं पिल्लू चालत नसेल तर ते एकदम नॉर्मल आहे, तीन आठवड्यांचं साधं उभंही होत नसेल तर घाई करायची वेळ आहे, आणि तीन महिन्यांचं आता आता लंगडायला लागलं असेल तर ते बहुतेक जन्मापासूनचं नाहीच, भानगड वेगळी आहे.

मानेवाड्याच्या एका काकूंनी घरी आणलेलं पिल्लू या मधल्या गटातलं होतं. भावंडं पडत-धडपडत का होईना उभी होत होती, हे मात्र पोट जमिनीला टेकवून सपाट, चारही पाय चार बाजूंना फाकलेले, हलायचं म्हटलं की पाय फरशीवर गरागरा फिरायचे पण गडी जागच्या जागी. "काहून वं, बेडूक उचलून आणला का तू?" असं काका बोलले आणि नाव बेडक्याच पडलं. उलटं करून पाहिलं तर पोटावरची लव गेलेली, कातडी लालबुंद, कारण स्वतःच्याच लघवीत पडून राहायचं. छाती दोन बोटांत धरून पाहिली तर गोल लागत नव्हती, पाठ आणि पोट यांच्यामध्ये चपटी झालेली. डॉक्टर लोक अशा पिल्लाला 'स्विमर पपी' म्हणतात.

आता हे होतं कसं. कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्धकच्चंच असतं, डोळे उघडतात १० ते १४ दिवसांनी, कान त्यानंतर, आणि पायांना हुकूम पोचवणाऱ्या नसांवर मायलिन नावाचं जे चरबीचं वेष्टण चढतं तेही जन्मानंतर चढत राहतं. ते जसं चढेल तशी ताकद येते, आधी पुढच्या पायांत, मग मागच्या, म्हणून सगळीच पिल्लं सुरुवातीला पुढच्या पायांनी स्वतःला ओढतात आणि मागचा भाग नुसता मागून येतो. दोन-तीन आठवड्यांच्या आसपास मागचे पायही अंगाखाली यायला लागतात. स्विमर पिल्लात नेमकी हीच पायरी चुकते. एकच एक कारण सापडलेलं नाही, नसा-स्नायू उशिरा तयार होणं, वंशातून येणं, एकटंच पिल्लू असल्यानं दूध पिऊन पिऊन जड होणं, घसरती जमीन, असं सगळं मिळून असावं असं मानतात. रुंद छातीच्या आणि आखूड पायांच्या जातींत, म्हणजे बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग वगैरेंत हे जास्त, पण गावठीत होतच नाही असं काही नाही.

पुढचा खेळ हाडांचा आहे. या वयात बरंचसं हाड अजून कूर्चाच असतं, लवचिक, आणि ते ज्या दिशेनं भार पडेल तसं घडत जातं. यूलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जननं १८९२ मध्ये हे मांडलं की हाड आपल्यावरच्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलतं. पिल्लू दिवसभर छातीवर पडून राहिलं तर अंगाच्या वजनानं फासळ्या दबून छाती चपटी होते, आतल्या फुप्फुसांना आणि हृदयाला जागा कमी पडते, श्वास उथळ होतो, प्यालेलं दूध परत येतं. खुब्याचंही तसंच, मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसून फिरला तर वाटी खोल होते, पाय कायम बाहेर फाकलेले राहिले तर ती उथळच राहते. पण ज्या मऊपणामुळं हे बिघडतं त्याच मऊपणामुळं ते सुधारतंही, आणि पिल्लू आठवड्या-आठवड्यानं कडक होत जातं. तीन-चार आठवड्यांच्या आत उपाय सुरू झाले तर बरीच पिल्लं काही आठवड्यांत पायांवर येतात, दोन-तीन महिने "मोठं झालं की होईल बरं" म्हणून वाट पाहिली तर गणित बदलतं. मला वाटतं दयेपोटी सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं, लोक त्याला मांडीवर घेऊन बसतात, दूध पाजतात, आणि काहीच करत नाहीत.

माणसाच्या बाळांत हेच तत्त्व रोज वापरतात. वाकड्या पावलांच्या बाळाला पोन्सेटी पद्धतीनं दर आठवड्याला थोडं थोडं सरळ करत प्लास्टर घालतात, तेही जन्मल्यावर जितक्या लवकर तितकं चांगलं. खुबा सटकणाऱ्या बाळाला पाव्लिक हार्नेस नावाचे पट्टे बांधतात. गंमत अशी की बाळाचे पाय वाकवून बाहेर फाकवून ठेवायचे असतात, कारण त्या स्थितीत गोळा वाटीत बसतो, आणि पिल्लाचे उलट आत आणायचे असतात, कारण त्याला चार पायांवर उभं राहायचंय. (म्हणूनच तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळायची जी पद्धत आहे ती खुब्यासाठी वाईट, पण आजीला हे सांगायची हिंमत आपली आपण करायची.)

तर पिल्लाचे पाय आत आणतात ते पट्टीनं. मऊ चिकटपट्टी आठच्या आकड्यासारखी दोन्ही मागच्या पायांना अशी बांधायची की पाय अंगाच्या रुंदीइतकेच लांब जातील, त्यापेक्षा जास्त फाकणार नाहीत, पुढचेही फाकत असतील तर तिथंही तसंच. पहिल्यांदा पशुवैद्याकडूनच बांधून घ्या, बघून घ्या, मग घरी जमतं. सेलोटेप, दोरा, रबरबँड यांतलं काहीही नको. पिल्लू भराभर वाढतं, काल बरोबर असलेली पट्टी आज आवळते, म्हणून दिवसातून बरेचदा बोटं बघायची, सुजली, गार लागली किंवा निळसर दिसली की पट्टी लगेच सोडायची. बेडक्याच्या पट्टीखाली काकूंनी कापसाचा पातळ थर दिला होता आणि तो ओला झाला की बदलायच्या, नाहीतर आतली कातडी कुजते.

आणि जमीन! हे कुणी बोलतच नाही. रेतीत, मातीत जन्मलेलं पिल्लू आपण वाचवून घरी आणतो आणि चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर सोडतो, जिथं धडधाकट कुत्र्याचेही पाय फाकतात. त्याला पकड पाहिजे. गोणपाट, सुतळीची चटई, जुना योगा मॅट, काहीही खरखरीत चालतं, फक्त नखं अडकतील अशी विण नको. झोपताना छातीवर नाही, कुशीवर, आणि पुन्हा पालथं होऊ नये म्हणून टॉवेलची गुंडाळी दोन्ही बाजूंना, कूस मधूनमधून बदलायची. व्यायाम थोडा थोडा पण दिवसातून अनेकदा: पोटाखाली पट्टा किंवा फडकं धरून चारी पावलं जमिनीला टेकवून उभं करायचं, पंजाच्या गादीवर जुना टूथब्रश फिरवायचा म्हणजे ते पाय ओढून घेतं आणि नस जागी होते, कोमट पाण्याच्या टबमध्ये हातावर धरून पाय मारू द्यायचे. दमलं की बंद. पोट दबलेलं असल्यानं अशा पिल्लांना बद्धकोष्ठ होतं, त्यामुळं शी झाली का हे रोज बघायचं, आणि अगदी लहान असेल तर ओल्या कापसानं खाली हलकं पुसून शी-शू करवावी लागते, एरवी ते काम आई चाटून करते.

आई जवळपास असेल तर पिल्लाला तिच्यापासून तोडू नका, पट्टी बांधलेलं पिल्लूही ती पाजते. रोगांशी लढणारी प्रतिपिंडं त्याला जवळजवळ सगळी पहिल्या एका दिवसाच्या चिकातूनच मिळतात. आई नसेलच तर गाईचं दूध सरसकट नको, कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त, लॅक्टोज मात्र कमी, म्हणून गाईच्या दुधानं पोटही भरत नाही आणि जुलाबही लागतात. पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते ती आणा. पाजताना पालथंच ठेवायचं, बाळासारखं उताणं करून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध, कारण पहिल्या आठवड्यात त्याचं अंगच ३५-३६ अंशांच्या आसपास असतं, त्याला कुडकुडताही येत नाही, आणि अंग गार पडलं की आतडं काम करत नाही. डिसेंबरातल्या नागपूरच्या रात्री काय असतात हे आपल्याला माहीत आहे. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवतात ते ठीक, पण धडधाकट पिल्लू चटका बसला की सरकतं, हे सरकू शकत नाही, तेव्हा तुम्हालाच हात लावून बघत राहावं लागणार.

आता दिसायला सारखी पण वेगळी प्रकरणं. पिल्लू उभं होतं पण झोकांड्या खातं, खायला तोंड वाटीजवळ नेलं की मान थरथरते, पाय गरजेपेक्षा उंच उचलून आपटतं, तर पायात नाही, तोल सांभाळणाऱ्या छोट्या मेंदूत (सेरेबेलम) घोटाळा असू शकतो, तो आईच्या पोटातच नीट वाढलेला नसतो. हा घोटाळा बरा होत नाही पण वाढतही नाही, दुखतही नाही, आणि सौम्य असेल तर पिल्लू हळूहळू तोल सांभाळायला शिकतं. त्याला पट्ट्या बांधून उपयोग शून्य. पण आधी नीट चालणारं पिल्लू एकाएकी लटपटायला लागलं, सोबत ताप, डोळ्यांतून चिपडं, अंगाला झटके, तर डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाचा संशय घ्यायचा आणि बाकी पिल्लांपासून तडक वेगळं करायचं. आणि कुठल्याही अनोळखी पिल्लाचा दात लागला तर १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवून सरळ रेबीजची लस घ्यायला जायचं, "एवढंसं तर आहे" करत बसायचं नाही.

तिसरं प्रकरण आपण स्वतःच तयार करतो. नुसती पोळी, भात, बिस्किटं किंवा नुसतं बिनहाडाचं चिकन घालून वाढवलेलं पिल्लू, पुढचे पाय धनुष्यासारखे, कधी उडी मारली तरी हाड मोडतं. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या १५-२० पट असतो, तोल सावरायला शरीर हाडातलं कॅल्शियम ओढतं. त्यावर सल्ला काय मिळतो, "उन्हात बसवा जी, व्हिटॅमिन डी भेटते." नागपुरात उन्हाची काय कमी! पण कुत्र्याची कातडी आपल्यासारखं पुरेसं ड जीवनसत्त्व बनवतच नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळायला लागतं. मनानं कॅल्शियमचं सिरप ओतणंही तितकंच वाईट, जास्तीनंही हाडं बिघडतात. पिल्लांचं संतुलित खाणं द्या, बाकी डॉक्टर ठरवतील.

काही पिल्लांना पाय नसतोच किंवा तो कधीच कामाचा होत नाही. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळं मागचा एक पाय नसलेलं पिल्लू बघता बघता पळायला लागतं, पुढचा नसेल तर जरा जास्त कष्ट. मागच्या पायांऐवजी चाकांचा गाडा बांधायची घाई नको, वाढत्या पिल्लाला गाडा महिन्यात लहान होतो आणि घासून जखमा करतो, शिवाय गाड्यात बसलेलं पिल्लू उरलेले स्नायू वापरायचं सोडून देतं. आणि त्याला आजारी म्हणून कोपऱ्यात एकटं ठेवू नका. अमेरिकेत बार हार्बर या गावी स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लं अभ्यासून दाखवलं की ३ ते १२ आठवडे हा माणसांची आणि इतर कुत्र्यांची ओळख होण्याचा काळ असतो, तो गेला की भित्रेपणा जन्मभर चिकटतो. पाय सुधारले आणि पिल्लू माणसाला पाहून पलंगाखाली लपायला लागलं तर त्याला घर कोण देणार?

डॉक्टरकडे नेण्याआधी घरीच मोबाइलवर व्हिडिओ काढा, खरखरीत जमिनीवर चालायचा प्रयत्न करताना, एकदा बाजूनं, एकदा मागून, आणि एकदा खाताना. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेलं पिल्लू नुसतं गोळा होऊन बसतं आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही. नागपुरात जवळचा डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. सकाळी लवकर जा, आणि भावंड असेल तर तेही सोबत न्या, शेजारी ठेवून पाहिलं की फरक लगेच कळतो.