विनोदी रॉकपटांमागचे खरे बँड

कल्पित रॉक बँडच्या फजितीवर बेतलेल्या विनोदी चित्रपटांमागे बहुधा खऱ्या बँडचे दौरे, भांडणे आणि करारनामे असतात. या प्रकारातला मध्यवर्ती चित्रपट म्हणजे रॉब रायनर दिग्दर्शित ‘दिस इज स्पायनल टॅप’ (1984). उतरणीला लागलेल्या स्पायनल टॅप या कल्पित ब्रिटिश हेवी मेटल (कर्कश, जड रॉक) बँडच्या अमेरिका दौऱ्याचा हा 82 मिनिटांचा लटका माहितीपट. त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग कोणत्या ना कोणत्या बँडने ‘हा तर आमचाच’ म्हणून ओळखला आहे. पण प्रसंग ओळखीचा वाटणे वेगळे आणि तो तिथून उचललेला असणे वेगळे. तारखा लावून पाहिल्या, की काही प्रसिद्ध ‘मुळे’ चित्रपटाच्या नंतरची निघतात.

स्पायनल टॅप हा बँड पडद्यावर पहिल्यांदा आला तो 1979 मध्ये, एबीसी वाहिनीच्या एका विनोदी कार्यक्रमात. पुढे पटकथा लिहिण्यासाठी मिळालेल्या पैशांतून बँडमधल्या तिघांच्या भूमिका करणारे क्रिस्टोफर गेस्ट, मायकेल मॅककीन, हॅरी शिअरर आणि दिग्दर्शक रायनर यांनी पटकथेऐवजी सुमारे 20 मिनिटांचा नमुना-चित्रपट तयार केला (1982). संवाद ऐनवेळी सुचतील तसे बोलायचे असल्याने कागदावर पटकथा दाखवून काही कळलेच नसते. हा नमुना पुढे कोणता प्रसंग कुठून आला हे ठरवताना फार उपयोगी पडतो, कारण त्यात जे आहे ते 1982 पर्यंत सुचलेले होते हे नक्की.

खात्रीने सांगता येतील अशी मुळे थोडी आहेत आणि ती बहुतेक निरीक्षणातून आली आहेत. 1974 मध्ये लॉस अँजेलिसच्या शातो मार्मों हॉटेलच्या दिवाणखान्यात गेस्टने एका इंग्रज बँडचा मॅनेजर आणि बेसवादक यांचे संभाषण ऐकले. बेस गिटार विमानतळावर राहिली आहे का, एवढ्या एका प्रश्नाभोवती ते दोघे बराच वेळ फिरत राहिले. स्पायनल टॅपच्या माणसांची संथ, बुद्धीला किंचित गंज चढलेली बोलण्याची ढब त्यातून आली. शिअररने इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या सॅक्सन या बँडबरोबर दौऱ्यावर राहून बेसवादक स्टीव्ह डॉसनला न्याहाळले. बेसची जाड तार मोकळी वाजवली तर डाव्या हाताला पट्टीवर काही काम उरत नाही. तो हात मग हवेत उंचावून प्रेक्षकांकडे रोखता येतो. शिअररने चित्रपटात वठवलेल्या बेसवादक डेरेक स्मॉल्सची ही खूण आहे. वादनाची कमतरता आणि रंगमंचावरचा रुबाब एकाच हालचालीत दिसतात, म्हणून ती इतकी चपखल बसली.

रंगमंचाची वाट चुकून बँड तळघरातल्या बोळांत फिरत राहतो, त्या प्रसंगाचे बीज अमेरिकन रॉक गायक टॉम पेटीच्या एका चित्रफितीत आहे. जर्मनीतल्या एका कार्यक्रमाआधी पेटी रंगमंच शोधत एकामागून एक दारे उघडत जातो आणि शेवटी एका बंदिस्त टेनिस कोर्टावर पोचतो. यात अतिशयोक्ती फारशी नाही. मोठी क्रीडासंकुले रोज वेगळ्या गावी, मेकअपच्या खोल्या तळमजल्यावर, बोळ सगळे सारखे. म्हणूनच आज दौऱ्यावरचे कर्मचारी दुपारीच भिंतींवर आणि जमिनीवर चिकटपट्टीचे बाण लावून ठेवतात. रायनरने स्वतः वठवलेला, पडद्यावर येऊन प्रश्न विचारणारा दिग्दर्शक मात्र थेट ‘द लास्ट वॉल्ट्झ’ (1978) या खऱ्या संगीत-माहितीपटात दिसणाऱ्या त्याच्या दिग्दर्शकाचे, मार्टिन स्कॉर्सेझीचे विडंबन आहे.

सर्वांत जास्त घोळ स्टोनहेंजचा, म्हणजे इंग्लंडमधल्या प्राचीन उभ्या शिळांच्या वर्तुळाचा. चित्रपटात गिटारवादक नायजेल रुमालावर नेपथ्याचे चित्र काढून देतो आणि 18 फुटांऐवजी 18 इंच लिहितो. फुटाची खूण एक तिरकी रेघ, इंचाची दोन, फरक एवढाच. परिणाम: साडेपाच मीटरच्या जागी जेमतेम 46 सेंटिमीटरची शिळा. भव्य दिसण्यासाठी आणलेले बुटके नर्तक तिच्याहून उंच ठरतात. 1983 मध्ये ब्लॅक सॅबथ या खऱ्या ब्रिटिश मेटल बँडने ‘बॉर्न अगेन’ या अल्बमच्या दौऱ्यासाठी खरोखरच स्टोनहेंजचे नेपथ्य करून घेतले. अल्बमवर त्याच नावाचा एक वाद्यसंगीताचा तुकडाही आहे. चूक इथे उलट दिशेने झाली. एका हकिकतीनुसार 15 फुटांचा आकडा 15 मीटर म्हणून गेला. गायक इयन गिलनच्या हकिकतीत, किती मोठे हवे या प्रश्नावर बेसवादक गीझर बटलर ‘खऱ्याएवढे’ असे उत्तरला. फूट-मीटरची अदलाबदल म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी 3.28 पट आणि घनफळ सुमारे 35 पट. मूळ स्टोनहेंजमधला सर्वांत उंच उभा दगडही जमिनीवर 7 मीटरच्या आसपासच आहे, म्हणजे पहिल्या हकिकतीतला आकडा खऱ्याच्या दुप्पट होतो. हे सामान बहुतेक सभागृहांत मावेना. काही तुकडेच लावले गेले, बाकीचे पडून राहिले. शिवाय सॅबथच्या रंगमंचावर एक बुटका माणूसही होता, अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या सैतानी बाळाच्या वेशात. इतके साम्य पाहून सॅबथचीच नक्कल केली असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही: स्टोनहेंजचा प्रसंग 1982 च्या नमुन्यात आहे आणि सॅबथचा दौरा त्यानंतरचा. दोन्हींचे मूळ एकच, त्या काळच्या हेवी मेटलला असलेले प्राचीन दगडांचे आणि ड्रुइड पुरोहितांचे वेड.

‘अकरापर्यंत जाणारा’ अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारे यंत्र) ही चित्रपटाची स्वतःची निर्मिती. नेहमीच्या 10 ऐवजी बटणावर 11 आकडे आहेत, म्हणून आपला अ‍ॅम्प जास्त मोठ्याने वाजतो, असे नायजेल मानतो. विनोद कळण्यासाठी बटणाच्या मागे काय असते ते माहीत हवे. आवाजाचे बटण एक बदलता रोधक फिरवते. तो शेवटच्या टोकाला गेला की संदेश पूर्ण पुढे जातो. त्या टोकाला 10 लिहायचे, 11 की 100, हे पट्टीवर छापणाऱ्याच्या मर्जीवर. उलट बहुतेक गिटार-अ‍ॅम्प पाच-सहाच्या पुढेच आपल्या ताकदीच्या मर्यादेला पोचतात आणि त्यानंतर आवाज न वाढता फक्त अधिक फाटतो. शक्ती खरोखर 10 टक्के वाढवली तरी फरक 0.4 डेसिबलचा, म्हणजे कानाला न जाणवणारा. ऐकताना आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. इथे प्रेरणेची दिशा उलटली. 1990 मध्ये अ‍ॅम्प बनवणाऱ्या मार्शल कंपनीने जेसीएम 900 मालिकेच्या बटणांवर 20 पर्यंतचे आकडे छापले आणि जाहिरातीला नायजेलच्या वेशातला गेस्ट आणला.

असेच उलटे उदाहरण यू2 या आयरिश बँडचे. चित्रपटात डेरेक पारदर्शक कोशात अडकतो आणि गाणे संपत आल्यावर सुटतो. 1997 च्या पॉपमार्ट दौऱ्यात ऑस्लोला सुमारे 12 मीटर उंचीचे आरशांचे लिंबू उघडलेच नाही आणि यू2 चे चौघेही आत अडकले. दोन्हीकडे फजिती तीच: यंत्राने उघडणारी वस्तू ऐनवेळी उघडत नाही.

मेकअप रूममधल्या लहान पावावरून नायजेलने घातलेला वाद खऱ्या करारनाम्यांच्या जवळचा आहे. कलाकाराच्या मागण्यांच्या पुरवणीला दौऱ्याच्या भाषेत रायडर म्हणतात. त्यातली सर्वांत गाजलेली अट व्हॅन हेलन या अमेरिकन बँडच्या 1982 च्या रायडरमध्ये सापडते: एम अँड एम या रंगीत चॉकलेट गोळ्या हव्यात, पण तपकिरी रंगाची एकही नको. गायक डेव्हिड ली रॉथने पुढे खुलासा केला तो असा, की बँडचे सामान अवजड होते. वजन, वीजपुरवठा, दारांची रुंदी यांच्या सूचना आयोजकाने वाचल्यात की नाही हे तपासायचा तो सापळा होता. वाडग्यात तपकिरी गोळी दिसली की सगळी जोडणी पुन्हा तपासायची. लहरीपणा वाटणाऱ्या मागणीमागे असा हिशेब असू शकतो. नायजेलच्या पावामागे मात्र नाही, आणि हसू त्याचेच येते.

स्पायनल टॅपमध्ये ड्रमवादक विचित्र रीतीने मरत राहतात. ‘द हू’चा कीथ मून (1978) आणि ‘लेड झेपेलिन’चा जॉन बॉनम (1980) या खऱ्या ड्रमवादकांच्या मृत्यूनंतर ही थट्टा प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नव्हती. स्पायनल टॅपच्या इंग्रजी नावातल्या एन या अक्षरावरची दोन टिंबे ही मोटरहेड, ब्लू ऑयस्टर कल्ट या बँडच्या नावांतल्या सजावटीची चेष्टा. ती टिंबे मुळात स्वरावरची. व्यंजनावर दिली की वाचणारा अडतोच.

याच्या आधीचा ‘ऑल यू नीड इज कॅश’ (1978) वेगळ्या जातीचा आहे. एरिक आयडल आणि नील इनेस यांच्या या दूरचित्रवाणीपटातला रटल्स बँड म्हणजे उघडउघड बीटल्स, आणि बीटल्सपैकीच जॉर्ज हॅरिसन त्यात वार्ताहर होऊन दिसतो. इथे मूळ शोधावे लागत नाही. प्रश्न उरतो तो किती जवळ जायचे याचा. इनेसने बीटल्सची गाणी पुन्हा न ऐकता आठवणीवरून तशी गाणी रचली. तरीही बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने दावा ठोकला आणि न्यायालयाबाहेर इनेसला निम्मे मानधन सोडावे लागले. बीटल्सच्या ‘गेट बॅक’च्या फार जवळ जाणारे एक गाणे बीटल्सपैकी जॉन लेननच्या इशाऱ्यावरून अल्बममधून आधीच गाळले होते.

बाकीच्यांत ‘फ्रँक’ (2014) मधला खोटे डोके घालणारा गायक क्रिस सीव्हीच्या फ्रँक साइडबॉटम या पात्रावरून घेतला, तर फिनलंडच्या ‘लेनिनग्राड काउबॉइज गो अमेरिका’ (1989) साठी स्लीपी स्लीपर्स हा खराच बँड कामाला आला. ब्रिटनच्या चॅनल 4 वरचा, बॅड न्यूज या कल्पित बँडवरचा ‘बॅड न्यूज टूर’ स्पायनल टॅपच्या वर्षभर आधी, जानेवारी 1983 मध्ये दाखवला गेला. तो कल्पित बँड 1986 मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या खऱ्या मेटल महोत्सवात वाजवायला उतरला, तेव्हा त्याच्यावर बाटल्यांचा मारा झाला.

आणि ‘अ‍ॅन्व्हिल! द स्टोरी ऑफ अ‍ॅन्व्हिल’ (2008) हा माहितीपट लटका नाही. तरीही कॅनडाच्या या बँडच्या ड्रमवादकाचे नाव रॉब रायनर आहे, आणि चित्रपटात ते स्टोनहेंज पाहायला जातात.