खानदेशातून हार्वर्ड-एमआयटीला अर्ज : शक्यता किती, कागद कोणते

बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीला जायचं म्हटलं की जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे पालक पहिल्यांदा विचारतात, "किती टक्के लागतात?" तिथे कटऑफ नसतो. जेईईत रँक लागली की जागेचा निकाल लागतो. अमेरिकेत प्रवेश समिती गुण, निबंध, शिफारसपत्रं आणि मूल कुठल्या परिस्थितीत शिकलं, हे सगळं एकत्र वाचते.

शक्यता मात्र स्पष्ट कळलेली बरी. 2024 साली दाखल झालेल्या तुकडीसाठी हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले आणि 1,970 जणांना प्रवेश देऊ केला गेला. एमआयटीत 28,232 पैकी 1,284. म्हणजे शंभरात चार-पाच, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्याहून कमी. म्हणून जेईई-सीईटी सोडून फक्त याच्यामागे लागा, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण अर्जच करू नये, हेही मला पटत नाही. आपल्याकडची मुलं गुणांपेक्षा कागदांत मागे पडतात, आणि कागद तर अकरावीपासून सुधारता येतात.

पात्रता सोपी आहे. महाराष्ट्र बोर्डाची बारावी चालते, आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) किंवा सीबीएसई असण्याची अट नाही. मराठी माध्यमातून दहावी झाली असेल तरी अडत नाही, इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो यांपैकी विद्यापीठ मान्य करतं ती परीक्षा द्यायची. सॅट ही अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची परीक्षा, ती 1600 गुणांची असते. एमआयटीने सॅट किंवा तशीच एसीटी ही परीक्षा 2022 मध्ये पुन्हा सक्तीची केली, पुढे हार्वर्डनेही तेच केलं. बारावीच्या ऑक्टोबरपर्यंत परीक्षा उरकलेली असावी.

अर्ज कॉमन ॲप या पोर्टलवर भरतात, ते दरवर्षी 1 ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुलं होतं. एमआयटीचं पोर्टल वेगळं आहे. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर, नेहमीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. जानेवारीतली जेईई मेन आणि फेब्रुवारीतलं बोर्ड लागूनच येतं, त्यामुळे निबंध दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण झालेले हवेत.

खरी अडचण शिफारसपत्रांची. साधारणपणे दोन विषयशिक्षकांची पत्रं लागतात आणि एक समुपदेशकाचं. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक बहुधा नसतोच, ते काम प्राचार्य किंवा वर्गशिक्षक करू शकतात. पण ज्याने नावापुरता प्रवेश घेऊन दोन वर्षं क्लासच्या हॉस्टेलवर काढली, त्याच्याबद्दल ते सर काय लिहिणार? "विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक व सुस्वभावी आहे" एवढंच. अशा पत्राने काही साधत नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारला, गणिताचं कोणतं उदाहरण वेगळ्या रीतीने सोडवलं, वर्गातल्या कुणाला काय शिकवलं, हे लिहिणारे सर किंवा मॅडम हव्यात. म्हणून अकरावीचं कॉलेज निवडताना तिथे तास होतात का, हे आधी बघा. सरांना पत्राची विनंती ऑगस्टमध्येच करा. पत्र ते स्वतः पोर्टलवर चढवतात, त्यांचा ईमेल चालू असायला हवा आणि शक्यतो तो संस्थेचा असावा.

नववी ते बारावीचे गुण लागतात, आणि आपल्याकडे दहावीनंतर शाळा बदललेली असते. नववीचं प्रगतिपुस्तक जुन्या शाळेतून, अकरावीचा निकाल कॉलेजातून काढावा लागतो. मराठीत असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर इंग्रजी भाषांतर, सही आणि शिक्का घ्या. सोबत शाळेची ओळख देणारं एक पान द्यायचं असतं : विद्यार्थी किती, कोणते विषय शिकवतात, गावाची परिस्थिती कशी. हे पान प्राचार्यांकडून आग्रहाने लिहून घ्या. यावल-रावेरच्या कॉलेजमधले गुण मुंबईच्या इंटरनॅशनल स्कूलच्या मापाने मोजले जाऊ नयेत, ही सोय याच पानातून होते.

नावाकडेही लक्ष द्या. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव, आणि आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव असे दोन रकाने. सॅट, कॉमन ॲप आणि इंग्रजीची परीक्षा, तिन्हीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भरा. त्यासाठी पासपोर्ट अकरावीतच काढलेला बरा.

आता पैसे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली म्हणून त्याचा प्रवेश नाकारत नाहीत आणि दाखल झालेल्याची गरज पूर्ण भागवतात. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी मात्र परदेशी अर्जदाराने मदत मागितल्याचा निर्णयावर परिणाम होतो. मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा वेगळा फॉर्म असतो. शेतकरी घरांची इथेच गडबड होते : शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून रिटर्न नाही. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, 8अ, केळीची किंवा कापसाची विक्रीपट्टी आणि बँकेचं स्टेटमेंट, सगळं इंग्रजी भाषांतरासह जोडा. दाखल्यावरची रक्कम आणि बँकेतली उलाढाल जुळत नसेल तर लपवू नका. पट्टीच्या रकमेतून मजुरी, खत, पीककर्ज कसं वजा झालं ते एका पत्रात लिहा. अर्जाचं शुल्क परवडत नसेल तर माफी मागता येते.

कॉमन ॲपमधल्या उपक्रमांच्या दहा जागा बघून मुलं घाबरतात. "आमच्याकडे डिबेट क्लब कुठे?" पण त्या यादीत घरची जबाबदारी आणि मजुरीचं काम हे स्वतंत्र प्रकार आहेत. वेचणीच्या दिवसांत कापसाचं वजन आणि मजुरीची वही सांभाळणं, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणं, आजीकडून कानबाईची गाणी अहिराणीत लिहून घेणं, हे सगळं तिथे बसतं. आठवड्याला किती तास ते खरं लिहा. वर्णनाला फक्त 150 अक्षरं मिळतात. मुख्य निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा, तो स्वतःच लिहायचा. तयार निबंध विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, पत्रांतलं मूल आणि निबंधातलं मूल जुळत नाही हे वाचणाऱ्याला कळतं.

नेहमीच्या फेरीचे निकाल मार्चअखेरीस लागतात आणि होकार साधारण 1 मेपर्यंत कळवायचा असतो. तोवर बारावीचा निकाल आलेला नसतो, पण अंतिम गुणपत्रिका नंतर पाठवावीच लागते आणि गुण फार घसरले तर प्रवेश रद्द होऊ शकतो. म्हणून अर्ज केलेला असला तरी बोर्डाचे पेपर पूर्ण तयारीने द्या. पुढे विद्यापीठाकडून आय-20 (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म) आला की सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) शुल्क भरून अमेरिकेच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात एफ-1 या विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घ्यायची, आणि तिथे आर्थिक मदतीच्या पत्राची मूळ प्रत सोबत न्यायची.