लाट पळते, कण डोलतो: अवतरंगातले दोन वेग

ठाण्यात तलावपाळीला भाचीबरोबर बसले होते. नौकाविहाराची एक होडी समोरून गेली आणि तिच्या लाटा काठाकडे निघाल्या. पाण्यावर झेंडूचं एक फूल तरंगत होतं. "मावशी, आता ते आपल्याकडे येईल बघ," ती म्हणाली. चार-पाच लाटा फुलाखालून सरकून पायऱ्यांना लागल्यासुद्धा. फूल वर-खाली झालं, किंचित पुढे-मागे हललं आणि होतं तिथेच राहिलं.

ती अकरावीत आहे. 'लाटेचा वेग' आणि 'कणाचा वेग' हे तिला एकच वाटत होते. खूप मुलांना वाटतात, आणि मग पुढचा सगळा धडा डळमळतो.

पाण्याचं उदाहरण मात्र इथेच सोडते. पाण्याच्या लाटेत पृष्ठभागाजवळचे कण जवळजवळ गोल फिरतात, त्यामुळे तो निव्वळ अवतरंग नव्हे. निव्वळ अवतरंगात कण लाटेच्या दिशेला काटकोनातच हलतात. त्यासाठी दोर बरा.

घरी नौपाड्याच्या चाळीत गॅलरीच्या कठड्याला जाड सुती दोर बांधला, मधोमध लाल लोकरीची गाठ मारली आणि मोकळं टोक तिच्या हातात दिलं. तिने झटका दिला. उंचवटा सरसर कठड्यापर्यंत गेला. गाठ फक्त वर उचलली गेली आणि परत जागेवर आली, कठड्याकडे बोटभरही सरकली नाही.

आता आकडे घेऊ. समजा, दोराचं वस्तुमान मीटरला १०० ग्रॅम आहे आणि ताण १० न्यूटन, म्हणजे साधारण किलोभर वजन टांगल्याइतका. ताणाला मीटरमागच्या वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढलं की लाटेचा वेग मिळतो: सेकंदाला १० मीटर. हात सेकंदाला २ वेळा, मधल्या जागेपासून ५ सेंटीमीटर वर आणि तितकाच खाली हलतो असं धरलं, तर गाठीचा जास्तीत जास्त वेग येतो सेकंदाला सुमारे ६३ सेंटीमीटर. दोन्ही वेग एकाच दोरात, एकाच वेळी.

हात तितक्याच वेळा पण दुप्पट उंच हलवला, तर गाठीचा वेग दुप्पट होईल; लाट मात्र १० मीटरनेच जाईल. उलट हात तसाच ठेवून दोराचा ताण चौपट केला, तर लाट २० मीटरने पळेल आणि गाठ आपली तशीच डोलेल. लाटेचा वेग दोर ठरवतो, कणाचा वेग हात ठरवतो. मला हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि शिकवताना नेमका तोच घाईत निसटतो.

आणखी एक. एकसारख्या दोरात लाटेचा वेग सगळीकडे तोच असतो, कणाचा क्षणाक्षणाला बदलतो. उंचवट्याच्या माथ्यावर गाठ क्षणभर थांबते, तिथे वेग शून्य. मधल्या जागेवरून जाताना ती सर्वांत वेगात असते. बरीच मुलं हे नेमकं उलटं सांगतात.

मग मी तिला परीक्षेत हमखास येणारं चित्र काढून दिलं: लाट उजवीकडे चालली आहे, उंचवट्याच्या उजव्या उतारावर एक बिंदू आहे. तो वर जातोय की खाली? "खाली. उतार आहे ना!" उतार लाटेच्या आकाराचा, बिंदू त्यावरून घसरत नाही. तीच लाट किंचित उजवीकडे सरकवून तुटक रेघेने काढायची आणि बिंदूच्या सरळ वर-खाली बघायचं, नवी रेघ कुठे आहे.

तिने पेन्सिलने तुटक रेघ ओढली. बिंदूच्या डोक्यावरून गेली. तिने आधीचा बाण खोडला, वर काढला, आणि न सांगता उंचवट्याच्या डाव्या बाजूलाही एक बिंदू देऊन त्याचा बाण खाली काढला.