दोन विजय, एक घोळ: हजारे आणि मर्चंट

विजय हजारे आणि विजय मर्चंट या दोन जुन्या क्रिकेटपटूंची, आणि त्यांच्या नावाच्या करंडकांची, लोक सतत सरमिसळ करतात. आधी सोपं ते, म्हणजे करंडक, उरकू. विजय हजारे करंडक ही राज्य संघांची वरिष्ठ गटाची ५० षटकांची स्पर्धा. २०२२ साली ऋतुराज गायकवाडने एका षटकात ७ षटकार ठोकले ती. विजय मर्चंट करंडक १६ वर्षांखालच्या मुलांचा. पुतण्याची ‘विजय हजारे’त निवड झाली म्हणून पेढे वाटायला निघालेल्यांनी आधी पोराचं वय बघावं. झालं.

खरा वैताग येतो तो माणसांचीच सरमिसळ होते तेव्हा. मर्चंट बहुतेकांना पाठ असतात: मुंबईचे सलामीवीर, ठाकरसी घराण्यातले, प्रथम श्रेणीत ७१.६४ची सरासरी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनखालोखाल, आणि १९७१मध्ये निवड समितीचे अध्यक्ष म्हणून निर्णायक मत टाकून अजित वाडेकरांना कर्णधार करणारे. मग हजारेंचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘तेही तसेच, त्याच काळातले मोठे बॅट्समन.’ तसेच कसे?

घोळाला खतपाणी घालतात ते आकडे. कसोटीत मर्चंटची सरासरी ४७.७२, हजारेंची ४७.६५. एवढं बघून लोक दोघांना एका माळेत ओवून मोकळे होतात. पण सरासरीच्या अलीकडचे रकाने वाचा की. मर्चंट १९३३ ते १९५१ या १८ वर्षांत १० कसोटी खेळले, आणि त्या दहाच्या दहा इंग्लंडविरुद्ध. त्यात त्यांचा दोष नाही. युद्धाने ऐन उमेदीची वर्षं खाल्ली, आणि १९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे कर्णधार म्हणून नेमणूक झालेली असताना प्रकृतीमुळे माघार घ्यावी लागली. हजारे १९४६ ते १९५३ या सातच वर्षांत ३० कसोटी खेळले, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडीज, पाकिस्तान अशा चार देशांविरुद्ध.

आणि ज्या मुद्द्यावर सगळे ठेचकाळतात तो हा: हजारे नुसते फलंदाज नव्हतेच. अष्टपैलू होते, आणि हा शब्द मी आयपीएलमधल्या समालोचकांसारखा सढळ हाताने वापरत नाही. उजव्या हाताची मध्यमगती गोलंदाजी, प्रथम श्रेणीत ५९५ बळी. मर्चंटही अधूनमधून चेंडू टाकायचे, त्यांचे ६५. कुणी लगेच म्हणेल की कसोटीत हजारेंना फक्त २० बळी मिळाले, तेही महाग. कबूल. पण त्या २०मध्ये ब्रॅडमन दोनदा आहेत, आणि दोन्ही वेळा त्रिफळाचीत: सिडनीला १३ धावांवर, अॅडलेडला २०१ धावांवर. दुसऱ्या वेळी खूपच उशीर झाला होता, तो भाग वेगळा.

अॅडलेडची ती कसोटी जरा थांबून बघण्यासारखी आहे. जानेवारी १९४८. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावा, म्हणजे हजारेंनी आधी मैदानात घाम गाळला, गोलंदाजी केली, मग पॅड बांधले. समोर ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर. पहिल्या डावात ११६. दुसऱ्या टोकाला कोल्हापूरचे दत्तू फडकर, त्यांच्या १२३. फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावं लागलं, आणि दुसऱ्या डावात पुन्हा १४५. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले आणि आपण डावाने हरलो, म्हणून ही खेळी आपल्याकडे दंतकथा झाली नाही. जिंकलो असतो तर चौकाचौकात पुतळे उभे राहिले असते. माझं मत विचाराल तर भारतीयाने परदेशात केलेल्या फलंदाजीत याच्या तोडीचं फार थोडं आहे.

दुसरी गल्लत पंचरंगी, म्हणजे पाच संघांच्या, सामन्यांची. १९४३-४४च्या अंतिम सामन्यात मर्चंट नाबाद २५० आणि हजारे ३०९, हे ऐकून लोक दोघांना एकाच संघात बसवतात. ते एकमेकांविरुद्ध खेळत होते! संघ धर्मावर ठरायचे. हजारे सांगलीचे मराठी ख्रिश्चन, पूर्ण नाव विजय सॅम्युएल हजारे, म्हणून ते ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांच्या संघात. मर्चंट हिंदू संघात. हिंदूंच्या ५ बाद ५८१, रेस्टचा पहिला डाव १३३. दुसऱ्या डावात रेस्टच्या एकूण ३८७, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. भाऊ विवेक हजारे यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, तीत विवेक यांचा वाटा २१. त्याच मोसमात मर्चंटनी रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ काढून उत्तर दिलं. एकमेकांचे विक्रम मोडण्याची अशी चढाओढ लागली होती, आणि आपण त्यांना जुळे भाऊ करून टाकलंय.

‘मुंबईचे हजारे’ असं लिहिणाऱ्यांना तर हात जोडतो. ते रणजीत महाराष्ट्राकडून खेळले, मध्य भारताकडून खेळले आणि नंतर बडोद्याचे झाले. बडोद्याकडून १९४६-४७च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमदबरोबर त्यांनी केलेली ५७७ धावांची भागीदारी २००६पर्यंत कोणाला मोडता आली नाही.

दोघे एका बाजूने खेळलेले बघायचे असतील तर १९५१ची दिल्ली कसोटी काढा. मर्चंट १५४, वय ४०; तोवर कसोटीत भारतीयाच्या सर्वाधिक धावा. हा मान त्याच डावात कर्णधार हजारेंनी नाबाद १६४ करून काढून घेतला. त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंटचा खांदा दुखावला आणि त्यांची कारकीर्द तिथेच थांबली. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९५२मध्ये, मद्रासला भारताने आपली पहिलीवहिली कसोटी जिंकली. विनू मंकड यांचे १२ बळी, कर्णधार विजय हजारे. मर्चंट नव्हेत, ते त्या संघातही नव्हते.